डीएझेड जनुक
डीएझेड : मानवी वाय गुणसूत्राच्या लांब बाहूवरील, आरएनएला बांधणाऱ्या प्रथिनाचा जनुकसमूह. शोध १९९५, डेव्हिड पेज यांची प्रयोगशाळा. याच्या सहसा चार प्रती असतात. फक्त वृषणातील जननपेशींत तयार होणारे हे प्रथिन संदेशवाहक आरएनएला चिकटते व त्यापासून प्रथिननिर्मितीस चालना देते. त्यात २४ ॲमिनो आम्लांचा तुकडा पुनःपुन्हा येतो. मूळ जनुक डीएझेडएल तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. डीएझेड असलेला वाय गुणसूत्राचा एझेडएफसी हा भाग गळाल्यास शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य होतात. हैदराबादच्या हबसिगुड्यातील सीसीएमबी संस्थेत के. थंगराज व सहकाऱ्यांनी वंध्य भारतीय पुरुषांतील अशी गळती अभ्यासली (२००३). वंध्यत्वावरील उपचाराने पुत्र झाल्यास ही गळती त्याच्याकडे जाते. म्हणून उपचाराआधी जनुकीय तपासणी व समुपदेशन आवश्यक ठरते.