चला, बोरीबंदरला उतरा

आधी पायातले बूट काढा. मोबाइल आणि पाकीट इथेच ठेवा. धोतर नेसा, डोक्याला पागोटं बांधा, खांद्यावर घोंगडी टाका. कनवटीला सहा-सात आणे असू द्या आणि हातात दशम्यांचं गाठोडं. तुम्ही वाईकडचे आहात, मुंबई कधी पाहिलेली नाही, आणि गिरगावात फणसवाडीत तुमचा मामा राहतो. एवढी ओळख पुरे.

साल १८६५, ऑक्टोबर महिना. कोजागिरी होऊन दोन-तीन दिवस झालेत. पुण्याहून गाडीत बसलात तेव्हापासून अंग आंबलंय. बोरघाटात गाडी मध्येच थांबली, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडलं आणि गाडी उलट्या तोंडाने निघाली, तेव्हा डब्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी देवाचं नाव घेतलं. तुम्हीही घेतलंत. आता डोळ्यांत कोळशाची कच आहे, कानांत अजून चाकांचा खडखडाट आहे, आणि तुम्ही बोरीबंदरला उतरलाय.

मागे वळून ते भव्य घुमट शोधू नका. तिथे लाकडी छपरांचं साधंसुधं स्टेशन आहे, बस. क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलेलं नाही, राजाबाई टॉवर नाही, ट्रामसुद्धा यायला अजून नऊ वर्षं आहेत. तुमच्या ओळखीची एकही खूण या गावात नाही, आणि गाव मात्र अफाट आहे. गेल्या साली शिरगणती झाली त्यात ८ लाख १६ हजार ५६२ माणसं भरली. त्यातली निम्मी आत्ता याच रस्त्यावर आहेत, असं तुम्हाला वाटतंय.

पहिल्यांदा अंगावर येते ती हवा. देशावरच्या कोरड्या उन्हाला तुम्ही सरावलेले. हे ऊन ओलं आहे. पाच पावलं चाललात की बंडी पाठीला चिकटते. मग वास. बंदराकडून सुक्या बोंबलांचा, त्यात घोड्यांच्या लिदीचा, तेलात तळल्या जाणाऱ्या कशाचा तरी, आणि या सगळ्यांच्या तळाशी उघड्या गटारांचा. बैलगाड्यांवर कापसाच्या गासड्या लादलेल्या असतात, त्यांतून सुटलेले तंतू हवेत तरंगतात आणि घामेजल्या कपाळाला चिकटतात. तुम्ही ते पुसता, आणखी चिकटतात.

"पाव्हणं, कुण्या गावचं?"

स्टेशनाबाहेरचा एक हमाल आहे. तुमचं पागोटं आणि बावरलेले डोळे त्याने लांबूनच ओळखलेत.

"वाईकडचा."

"मग आपलंच की! मी कोरेगावचा. कुठं जायाचं?"

"गिरगावात. फणसवाडीत, मामाकडं."

"ह्ये मैदान वलांडा. म्होरं धोबीतलाव लागंल. तिथनं डाव्या हाताला गिरगाव. उजव्या हाताला वळू नगा बरं का, बाजारात हरवाल."

या शहरात नकाशा असा मिळतो. पाटी वाचता येणारी माणसं थोडी. घराला नंबर असला तरी तो कुणी सांगत नाही. गाव विचारतात, जात विचारतात, मामाचं नाव विचारतात, आणि मग बोट दाखवतात. सबंध शहर तोंडी आहे, आणि पहिल्या दिवशी प्रत्येकाला ते कुणीतरी असंच वाचून दाखवलेलं आहे.

तुम्ही मैदानातून निघता. डाव्या अंगाला कोट. त्याचा जुना तट पाडून टाकलाय, दगडांचे ढीग अजून इथे-तिथे पडलेत, आणि वाऱ्यावर चुन्याची धूळ उठते. ती ओठांवर बसते, चव खारट लागते. दोन गृहस्थ तुमच्या पुढे चाललेत, हातवारे करत. गुजराती आहेत, सगळं कळत नाही, पण 'शेअर' हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता म्हणे, आणि जुलैत सगळा डोलारा कोसळला. त्यांतल्या एकाच्या अंगरख्याचं कापड उंची आहे आणि पायांत मात्र फाटका जोडा. तुमच्या सहा-सात आण्यांना नकळत हात जातो.

धोबीतलाव. फ्रामजी कावसजींच्या पैशाने दुरुस्त झालेल्या तलावाच्या काठी हंडे-घागरींचा खणखणाट चाललाय. विहारचं पाणी नळाने मुंबईत येऊन पाच वर्षं झाली, पण विहिरी आणि तळी काही सुटलेली नाहीत. एक म्हातारेबोवा सांगतात, नाना शंकरशेठ गेले, जुलैच्या अखेरीस. ज्या आगगाडीने तुम्ही आलात ती या बेटावर यावी म्हणून झटलेला तो माणूस. बोवा असं सांगतात, जणू घरातलं कुणी गेलंय.

आता डावीकडे वळा. गिरगाव तिकडे आहे.

तुम्ही उजवीकडे वळलात! मला ठाऊक होतं. उजवीकडून येणारा आवाज ऐकल्यावर कोणाचे पाय डावीकडे जातील?

काळबादेवीच्या रस्त्यावर तुम्ही चालत नाही, तुम्हाला चालवलं जातं. मागून छकड्याचा बैल पाठीत श्वास सोडतो. पुढून शिग्राम येतो, गाडीवान ओरडतो, गर्दी दुभंगते आणि तुम्ही एका कापडाच्या दुकानाच्या फळीवर ढकलले जाता. कच्छी, गुजराती, हिंदुस्थानी, कोकणी, आणि यांपैकी कुठलीच नसलेली एक बोली, जिच्यात लोक भांडतात. वरती घरांचे लाकडी सज्जे इतके पुढे आलेत की आभाळाची पट्टीच दिसते. त्या सज्ज्यांतून कुणी पिंक टाकतं, कुणी पाणी. वर बघत चालायला पहिल्या दहा पावलांतच शिकता.

भुलेश्वराकडच्या गल्लीत शिरलात की गंध बदलतो. झेंडू, शेवंती, तूप, कापूर. मग ओलं गवत आणि शेण, कारण पुढे पांजरपोळ आहे. जखमी, म्हातारी, टाकलेली जनावरं इथे मरेपर्यंत पोसतात. जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी १८३४ साली ते उभारलं. एक आंधळा बैल कुंपणावरून मान काढतो. त्याला दशमीचा तुकडा द्या. त्याची जीभ खरखरीत आणि गरम आहे.

घसा कोरडा पडलाय. कोपऱ्यावर पाणपोई आहे. पाणी देणारा आधी जात विचारतो. तुम्ही सांगता, मग तो झारी उंच धरतो आणि तुमच्या ओंजळीत धार सोडतो. पाणी कोमट आहे, तरी ते इतकं गोड लागतं की तुम्ही डोळे मिटता. डोळे उघडाल तेव्हा रस्त्याच्या त्या बाजूला पाहा. डोक्यावर मैल्याची पाटी घेऊन एक बाई भिंतीच्या कडेने चाललीय. गर्दी, जी कुणासाठी हटत नाही, तिच्यासाठी चटकन हटते. शौचकूप साफ करणाऱ्या या हलालखोरांनी आठ दिवस हात आवरले तर ही मुंबई तगणार नाही. जुलैपासून आर्थर क्रॉफर्ड नावाचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आलेत, गटारांकडे त्यांचं लक्ष आहे म्हणतात. पाणपोईकडे त्या बाईने बघितलंसुद्धा नाही. तिच्या ओंजळीत कुणी धार सोडणार नाही, हे तिला या रस्त्याइतकंच पाठ आहे. तुमच्या तोंडातली गोडी जाते, आणि ती जायलाच हवी.

मुंबादेवीला हात जोडा, पण थांबू नका. मागची माणसं थांबू देणार नाहीत. तांबाकाट्यापाशी कानांवर हात ठेवा. तांबट लोक ओळीने बसून हंड्यांवर हातोडे मारतायत. ठोक्याला ठोका, शंभर ठोके, सगळे वेगवेगळ्या तालात. आवाज दातांत जाणवतो. एक तांबट तुमच्याकडे बघून काहीतरी बोलतो, त्याचे ओठ हलताना दिसतात, बाकी काही नाही. तुम्ही उगाच मान डोलावता, तोही डोलावतो. ओळख झाली.

पायधुणीपर्यंत आलात तेव्हा उन्हाची तिरीप सज्ज्यांवर चढलीय. पाय भाजलेत, पोटऱ्या भरून आल्यात. गाठोड्यातल्या दशम्या उभ्याउभ्याच खाता. पुढे भेंडीबाजार. इथे पुन्हा घोड्यांचा वास, पण हा वेगळा: अरबांच्या पागा आहेत, जहाजातून आणलेले घोडे इथे विकायला बांधतात. चकाकती पाठ, पातळ कान. तुमच्या गावच्या तट्टाला आणि याला एकाच नावाने कसं हाकारायचं? शेजारच्या दुकानात पायघोळ कपड्यांतले सौदागर काळी, कडू वासाची कॉफी पितायत. कपभर मागायची हिंमत तुम्हाला होत नाही. मागा हो! परत कधी येणार आहात?

अंधार पडायला लागलाय. मामा वाट बघत असेल, आणि फणसवाडी कुठल्या दिशेला राहिली याचा तुम्हाला पत्ता नाही. तुम्ही कुणाला तरी विचारणार, इतक्यात सगळी गर्दी एकाच दिशेला तोंड करते.

रस्त्याच्या कडेला लोखंडी खांब उभे आहेत. तेलाच्या कंदिलांसारखे ते दिसत नाहीत. एक बत्तीवाला पहिल्या खांबाशी जातो, वर काहीतरी फिरवतो, ज्योत पुढे करतो. आणि दिवा पेटतो. ना वात, ना तेल. जमिनीखालच्या नळातून आलेला वायू जळतोय. समोरच्या माणसाच्या दाढीतला केस न् केस दिसतो. कॉफीच्या दुकानातले अरब बाहेर आलेत, सज्ज्यांतून बायका वाकल्यात, कुणाच्या खांद्यावरचं पोर टाळ्या पिटतंय. आज ७ ऑक्टोबर. या शहराच्या रस्त्यांवर वायूचा दिवा यापूर्वी कधी लागलेला नाही, त्यामुळे आजच्या दिवशी इथला प्रत्येक माणूस तुमच्याइतकाच नवखा आहे.

बत्तीवाला दुसऱ्या खांबाकडे निघतो. घोळका त्याच्या मागे. तुम्हीही.

"फणसवाडी कुठल्या अंगाला?" तुम्ही शेजारच्याला विचारता.

"अहो, ती मागे राहिली, पार मागे!" तो म्हणतो, आणि तुमच्या दंडाला धरून ओढतो. "आधी चला, तिसरा पेटवतोय तो!"