काम केले की कार्य झाले?

परवा नातवाला विज्ञान शिकवताना १९७२ चा दुष्काळ आठवला. जालन्याजवळच्या एका खेड्यात नवा मास्तर होतो. मी मराठीचा बी.ए.; पण विज्ञानाला कुणी नव्हते, म्हणून तेही माझ्याकडेच. मी वर्गात सांगितले, "डोक्यावर हंडा घेऊन सपाट वाटेने चालणारी बाई शून्य कार्य करते." एक मुलगी उठली. "गुरुजी, माझी माय कोसभरावरून पाणी आणती. ते काम नाही का?" मला उत्तर देता आले नाही.

पुढे वाचनात आले, की फ्रान्समध्ये कोरिऑलिसने १८२९ साली यंत्रांचा हिशेब मांडताना कष्टाचा रोजचाच शब्द शास्त्राला दिला. मराठीने मात्र 'काम' बाजूला ठेवून 'कार्य' घेतले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषा कोश निघू लागले. पण कोशात मिळते ते नाम. त्याला क्रियापद जोडायचे ते मास्तराने. गोम तिथेच आहे. माणूस काम 'करतो', बलामुळे कार्य 'होते'. पहिल्या वाक्यात कर्ता माणूस आहे. दुसऱ्यात तो नाहीच, आहे फक्त बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन. विहिरीतून पाणी शेंदताना हंड्यावर कार्य होते, सपाट वाटेवर होत नाही. मायचे काम दोन्हीकडे चालूच असते.

मी 'कार्य करते' म्हणालो, तिथेच चुकलो. 'होते' म्हणायला हवे होते. एका क्रियापदापायी त्या लेकरासमोर तिच्या मायचे कष्ट मी शून्यावर आणले.