टाइमशेअर घेतल्यावर कुटुंबाचा फिरण्याचा खर्च कसा बदलतो?

मॉलमध्ये किंवा पेट्रोलपंपावर कुणीतरी एक कूपन भरून घेतं. आठवड्याने फोन येतो, "सर, तुमचं नाव ड्रॉमध्ये निघालंय. मॅडमना सोबत घेऊन या, दोघं आलात तरच गिफ्ट मिळेल." हॉटेलात चहा-बिस्किटं मिळतात, मोठ्या पडद्यावर डोंगर आणि समुद्र दिसतात, आणि दोन-तीन तासांनी टेबलावर एक करार येतो. सही आजच केली तर सूट, उद्या नाही. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची टाइमशेअरशी पहिली ओळख अशीच होते.

हा व्यवहार फसवाच असतो, असं इथे म्हणायचं नाही. काही घरांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण टाइमशेअर घेतला की फक्त हॉटेलचं बिल बदलत नाही. घर कधी फिरायला जातं, कुठे जातं, किती खर्च करतं आणि कोणाकडे जायचं सोडून देतं, हे सगळंच बदलतं. सही करण्याआधी हा बदल समजून घ्यायला हवा.

टाइमशेअर म्हणजे नेमकं काय?

एकच खोली अनेक कुटुंबांनी वर्षातले आठवडे वाटून वापरायची, ही मूळ कल्पना. ती १९६० च्या दशकात युरोपात रुजली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही संस्था १९६३ सालची. अमेरिकेत १९७४ मध्ये आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी सुरू झाली. एका रिसॉर्टचा आठवडा देऊन दुसऱ्या रिसॉर्टचा घ्यायचा, असं तिचं काम. भारतात स्टर्लिंग १९८६ मध्ये आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ मध्ये या धंद्यात आल्या.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतं ते सदस्यत्व. ठरावीक वर्षं, समजा २५ वर्षं, दरवर्षी ठरावीक रात्री, बहुधा सात, कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहण्याचा हक्क. यात तुमच्या नावावर जमीन होत नाही, खोली होत नाही. सातबारा नाही, खरेदीखत नाही. बोलणारा माणूस "गुंतवणूक" हा शब्द वापरतो, पण २५ वर्षांनी हातात काही उरत नाही. हा आगाऊ भरलेला खर्च आहे.

सदस्यत्वाची किंमत दोन गोष्टींवर ठरते. एक, खोलीचा आकार. दोन, हंगाम. मे महिना, दिवाळी आणि डिसेंबरअखेर हा गर्दीचा हंगाम सगळ्यात महाग, पावसाळ्याचे दिवस स्वस्त. काही कंपन्या हंगामांना रंगांची नावं देतात. शाळेत जाणारी मुलं घरात असली की स्वस्त रंगाचा फारसा उपयोग होत नाही, कारण सुट्टी लागते ती महागड्या रंगातच.

आकड्यांत मांडून बघू

खालचे आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत, फक्त हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत.

समजा, सदस्यत्व ४ लाख रुपयांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर झाले ४,७२,०००. पंचवीस वर्षांत वाटले तर वर्षाला १८,८८० रुपये. याशिवाय देखभालीची वार्षिक फी असते. ती समजा २०,००० आणि वर जीएसटी, म्हणजे २३,६००. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी ४२,४८० रुपये. सात रात्री पूर्ण वापरल्या तर एका रात्रीचे सुमारे ६,०७० रुपये पडले. चारच रात्री वापरता आल्या आणि बाकीच्या वाया गेल्या तर तीच रात्र १०,६२० रुपयांना पडते. आणि या पैशात खोली मिळाली, जेवण नाही.

खरी मेख वार्षिक फीमध्ये आहे. ती दरवर्षी वाढते. वाढ ६ टक्के धरली तर बाराव्या वर्षाच्या सुमारास ती दुप्पट होते, आणि २५ वर्षांत फक्त फीपोटी जवळजवळ १२.९५ लाख रुपये जातात. म्हणजे सदस्यत्वाच्या किमतीच्या पावणेतीन पट. त्या काळात हॉटेलांचे दरही वाढतील हे खरं, तेही हिशोबात धरायला हवं. पण हॉटेल महाग वाटलं तर त्या वर्षी आपण घरी बसू शकतो. फी मात्र घरी बसलो तरी भरावी लागते.

खर्चाच्या सवयी कशा बदलतात?

पहिला बदल म्हणजे खोली "फुकट" वाटायला लागते. पैसे दोन-चार वर्षांपूर्वी गेलेले असतात, त्यांची टोचणी संपलेली असते. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी, ज्यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं, दाखवून दिलं की माणूस मनात पैशाचे वेगवेगळे डबे करतो. आपल्या आया-आज्या किराण्याचे, दुधाचे, फीचे पैसे वेगळ्या डब्यांत ठेवायच्या, तसंच. खोलीचा डबा आधीच भरलेला असला की सफरीचा डबा रिकामा दिसतो, आणि आपण तो मोकळ्या हाताने भरतो. एरवी ट्रेनने जाणारं घर गाडी करतं किंवा विमानाची तिकिटं काढतं. एरवी मुलांना एक राइड, आता तीन. "राहायचे पैसे वाचलेत ना!" हे वाक्य ऐकू आलं की समजा, खर्च वाढतोय.

दुसरा बदल, जाणं भाग पडतं. १९८५ मध्ये आर्केस आणि ब्लूमर या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात प्रयोग केला. हंगामाची तिकिटं काहींना पूर्ण किमतीत दिली, काहींना सवलतीत. पूर्ण पैसे भरलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना आले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक फारसा उरला नाही. टाइमशेअरमध्येही असंच चित्र दिसतं. पहिली काही वर्षं "पैसे वसूल" करायला घर धावत सुटतं, मग उत्साह ओसरतो. फी मात्र ओसरत नाही.

तिसरा बदल जेवणाचा. रिसॉर्ट गावापासून लांब असतं, तिथे दर रिसॉर्टचाच. आपल्या घरांना हलालची खात्री हवी असते. ती नसली तर आठवडाभर शाकाहारी थाळी, नाहीतर रोज टॅक्सी करून बाहेर जेवण. काही खोल्यांत छोटं स्वयंपाकघर असतं, पण तिथे काय शिजवायला परवानगी आहे, गॅस की फक्त इंडक्शन, हे आधी विचारावं. पाच-सहा जणांच्या घराचं सात दिवसांचं जेवणाचं बिल खोलीच्या वार्षिक खर्चाच्या जवळ सहज जातं.

चौथा बदल माणसांचा. लहान खोलीत किती मोठे आणि किती लहान राहू शकतात, याची मर्यादा करारात असते. आपल्याकडे सफर म्हणजे अम्मी, दादी, न लग्न झालेली नणंद, सगळे. मर्यादेबाहेरच्या माणसाला जादा पैसे किंवा दुसरी खोली. त्यातून घर आपोआप "आम्ही चौघे" असं होऊ लागतं.

पाचवा बदल सगळ्यात शांतपणे होतो. वर्षाची सुट्टी एकच असते. ती रिसॉर्टला दिली की नानीच्या घरचा आठवडा जातो.

एका घरची गोष्ट

माझ्या चुलत भावाच्या घरी हे मी जवळून पाहिलंय. सही केली त्या दिवशी भाभी खूश होत्या, आणि का नसाव्यात? लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि स्वयंपाक न करता चार दिवस घालवायची ती पहिलीच संधी. पहिल्या दोन वर्षांत तीन सफरी झाल्या. फोटो अजून भिंतीवर आहेत.

मग करोना आला. दोन वर्षं कुठे जाता आलं नाही, त्यांच्या करारात फी मात्र चालू राहिली. पुढे मुलगी बी. फार्मला गेली. तिची कॉलेजची फी आणि रिसॉर्टची फी एकाच महिन्यात यायला लागली. थकलेल्या फीमुळे बुकिंग बंद झालं. बुकिंग नाही म्हणून फी भरायचा हुरूप नाही. असं ते चक्र. कोकणात चाचींकडे दर मे महिन्यात सगळे जायचे, तेही मधल्या काळात सुटलं होतं. भाऊजान मला एकदा म्हणाले, "पैशाचं दुःख नाही रे. पण अम्मी चार वर्षं गावी गेली नाही, ते लक्षातच आलं नाही."

फिरायला जाणं चुकीचं नव्हतं. वर्षाच्या खर्चात आधी कशाचे पैसे बाजूला काढायचे, हा क्रम नकळत बदलला होता.

चंद्राचं कॅलेंडर आणि ठरलेला हंगाम

हा मुद्दा कंपनीचा माणूस सांगत नाही, कारण त्याला तो ठाऊकच नसतो. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. म्हणून रमजान आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतात. तुमचा टाइमशेअरचा हंगाम मात्र इंग्रजी महिन्यांना बांधलेला असतो.

२०१९ मध्ये जवळजवळ अख्खा मे महिना रमजानचा होता. २०२२ ची रमजान ईद ३ मेला झाली, २०२५ ची ३१ मार्चला. आता मे महिना रमजानमधून मोकळा झालाय, पण २०२६ ते २०२८ या काळात बकरी ईद मे महिन्यात येते. कुर्बानी, पाहुणे, माहेरचं जाणं-येणं, सगळं त्याच सुट्टीत. पुढे २०३० सालात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या शेवटी. २०३५-३६ च्या सुमारास तो दिवाळीच्या सुट्टीजवळ पोचेल. पंचवीस वर्षांच्या करारात ज्या महागड्या हंगामाचे पैसे भरले, त्यातली कितीतरी वर्षं रोजे किंवा ईद त्याच दिवसांत असतील. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, किती वर्षं आणि किती फी देऊन, हे आपल्यासाठी म्हणूनच महत्त्वाचं आहे.

हप्त्यांचा प्रश्न

एवढी रक्कम एकरकमी फार थोड्यांकडे असते, म्हणून हप्ते पुढे केले जातात. त्यात व्याज असेल तर आपल्या घरांसाठी तो वेगळाच प्रश्न होतो. "बिनव्याजी हप्ता" म्हटलं तरी एकरकमी भरणाऱ्याला मिळणारी सूट आणि प्रक्रिया शुल्क किती, हे विचारा. शंका असेल तर कागद घेऊन जाणत्या आलिमांकडे जा, सही करून झाल्यावर नव्हे, आधी.

फायदा कोणाला होतो?

दरवर्षी एरवीही हॉटेलात आठवडाभर राहणारं घर, सुट्टी आपल्या मर्जीने घेऊ शकणारे व्यावसायिक, चार-सहा महिने आधी बुकिंग करण्याची शिस्त असलेली माणसं, आणि पूर्ण रक्कम बिनकर्जाची भरू शकणारे. यांना बरी खोली, मुलांसाठी सोयी आणि दरवर्षी नक्की मिळणारी विश्रांती मिळते. आपला आठवडा आई-वडिलांना किंवा नव्या जोडप्याला भेट देणारी घरंही आहेत.

जे घर दोन-तीन वर्षांतून एकदा फिरतं, त्याने दरमहा थोडे पैसे वेगळे ठेवावेत. महाबळेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली, चिखलदरा अशा ठिकाणी एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. जमले तेवढ्या पैशात जायचं, एखाद्या वर्षी नाही गेलो तर ते पैसे आपलेच राहतात.

सही करण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी

१. गेल्या तीन वर्षांत आपण हॉटेलात एकूण किती रात्री राहिलो? इच्छा नको, खरा आकडा.
२. वार्षिक फी आज किती, दरवर्षी किती वाढू शकते, वाढीला कमाल मर्यादा आहे का?
३. फी थकली तर काय होतं? दंड, बुकिंग बंद की सदस्यत्व रद्द?
४. मे आणि दिवाळीत जागा मिळण्याची लेखी हमी आहे का, की "उपलब्धतेनुसार"?
५. सदस्याचा इंतकाल झाला तर उरलेली वर्षं वारसांकडे कशी जातात? फी भरायची जबाबदारीही जाते का?
६. करार रद्द करायची मुदत किती दिवसांची, आणि तेव्हा किती रक्कम कापली जाते?

तोंडी आश्वासन त्याच ठिकाणी कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर ते मिळणार नाही असंच धरा. आणि त्या दिवशी सही करूच नका. आजची सूट बहुतेक वेळा पुढच्या आठवड्यातही असते.

सही होऊन गेली असेल तर?

युरोपियन संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तिथल्या ग्राहकाला करारातून बाहेर पडायला १४ दिवस मिळतात आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र लागू होतो. म्हणून रद्द करण्याची मुदत तुमच्या करारात शोधा आणि ती संपण्याआधी ईमेल आणि स्पीड पोस्टाने लेखी कळवा. फोनवर सांगून थांबू नका.

मुदत गेली असेल आणि फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की मुंबईत. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावत्या, करार, व्हॉट्सअॅपचे मेसेज सगळं जपून ठेवा.

भाऊजानच्या घरी आता फ्रीजवर एक कागद लावलेला असतो. वर्षाच्या सुरुवातीला त्यावर चार ओळी लिहिल्या जातात, मुलीची फी, ईदचा खर्च, गावचा आठवडा, आणि मग रिसॉर्ट. टाइमशेअर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या कुठल्याही घराने हा कागद आधी लिहावा. चौथ्या ओळीला पैसे उरत असतील, तर खुशाल जा.