नेरळ स्थानक : माथेरानची छोटी गाडी जिथून सुटते

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील वाघोलीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. तेथील प्रवाशांना लहान गावातले ऐतिहासिक स्थानक पाहायचे असेल, तर रायगड जिल्ह्यातील नेरळला जाता येते. पुणे स्थानकावरून रेल्वेने कर्जत गाठावे. तेथून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलने दुसरे स्थानक नेरळ.

इतिहास

कल्याण ते पळसदरी हा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. नेरळ याच मार्गावर आहे. माथेरानला मात्र डोंगर चढूनच जावे लागे. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी वडिलांच्या पैशातून माथेरानची रेल्वे बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला.

काय पाहावे?

नेरळला दोन मापांचे रूळ जवळजवळ दिसतात. लोकलच्या रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर, तर माथेरानच्या गाडीचे फक्त ६१० मिलिमीटर. हा फरक हौसेचा नाही. अरुंद मार्ग तीव्र वळणे घेऊ शकतो, त्यामुळे डोंगर कमी फोडावा लागतो. म्हणूनच सुमारे २१ किलोमीटरच्या मार्गावर बोगदा एकच आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्थानके घेत गाडी सुमारे ८०० मीटर उंचीवरील माथेरानला पोहोचते. या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो.

पावसाचे संकट

ज्या डोंगराच्या कडेने मार्ग जातो, तोच पावसात खचतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर गाडी २००७ पर्यंत बंद होती. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग वाहून नेला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सेवा पूर्ववत झाली. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी असल्याने गाडी बंद पडली, की गावाची मोठी सोय जाते.

जाण्यापूर्वी

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही सेवा बंद असते. अमन लॉज ते माथेरान गाडी सहसा सुरू राहते. गाडीचे डबे लहान, त्यामुळे जागा मोजक्याच. निघण्यापूर्वी वेळापत्रक तपासावे. तिकीट मिळाले नाही, तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येते. अमन लॉज तेथून चालत जाण्याइतके जवळ आहे.