ढोरगुंजेचं नवं नाव

माघ सरत आला की आमच्या बांधावरची ढोरगुंज पिकते. कमरेएवढं झुडूप, पानांवर राखाडी लव, आणि पानांच्या बेचक्यात कागदासारख्या पातळ, फुगीर पिशव्या. पिशवी दोन बोटांत धरून फोडली की आत गुंजेएवढं लालबुंद फळ. लहानपणी आम्ही त्या पिशव्या तळहातावर आपटून वाजवायचो. आजी ओरडायची, "तोंडात घालू नका रे, ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत तिला!" पण तीच आजी बाळंतपणानंतर खंगलेल्या सुनेसाठी त्याच झुडपाचं मूळ उकरून आणायची, दुधात उकळायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत समोर बसून राहायची.

गेल्या महाशिवरात्रीच्या यात्रेला पुण्याहून पुतण्या आला. कंपनीत रात्रपाळी, डोळ्यांखाली काळं. जेवण झाल्यावर त्याने पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढली. "काका, टेन्शनवर आहे. अ‍ॅडॅप्टोजेन." मी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली: विथानिया सोम्निफेरा. म्हणजे आमची ढोरगुंज. बांधावर फुकट उगवणारी, तीन नावं ओलांडून, महिन्याच्या बाटलीत बंद होऊन आमच्या मुक्ताईनगरला परत आली होती. ती कुठून कुठे फिरून आली, हे शोधावंसं वाटलं.

पहिलं नाव संस्कृत, अश्वगंधा. ओलं मूळ हातात चोळलं की घामेजलेल्या घोड्यासारखा वास येतो. ज्याने ज्याने ते उपटलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अश्वगंधेचं मराठीत आसंध झालं, आस्कंदही झालं. काष्ठौषधीच्या दुकानात 'नागोरी आसगंध' मागतात. नागोरी हा राजस्थानातल्या नागौरचा शिक्का, पण आज लागवडीचा मोठा मुलूख आपल्या उत्तरेला, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचकडे आहे. लागवडीचं मूळ जाड, पिठूळ, कट्‍कन मोडणारं, आतून पांढरं. बांधावरचं रानटी मूळ बारीक, चिवट आणि जास्त कडू.

दुसरं नाव युरोपातलं. 1753 मध्ये लिनियसने या झुडपाला 'सोम्निफेरा' म्हटलं, म्हणजे झोप आणणारी. पुढे 1825 मध्ये पोकी या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने विथम नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाच्या नावावरून 'विथानिया' हे कुल वेगळं केलं. संस्कृत नाव ठेवणाऱ्याला वासावरून घोडा आठवला, लॅटिन नाव ठेवणाऱ्याला झोप. बळ आणि झोप या दोन्ही गोष्टींसाठी आज ती कॅप्सूल विकली जाते, हे मला फार बोलकं वाटतं.

तिची भाऊबंदकीही सांगायला हवी. परदेशात तिला 'इंडियन जिनसेंग' म्हणतात, पण जिनसेंगशी तिचं काही नातं नाही. ती वांग्याच्या कुळातली. म्हणजे आपल्या भरताच्या वांग्याची, मिरचीची, टोमॅटोची चुलत बहीण. आणि त्याच कुळात धोतरा आहे, तंबाखूही आहे. हे कूळ जेवायला घालतं तसं मारतंही. कुठला भाग, किती आणि कुणाला, याचा हिशेब या घराण्यात चुकवून चालत नाही. आजीने फळ तोंडात घालू दिलं नाही आणि मूळ मात्र उकळून दिलं, ते याच हिशेबाने.

हा हिशेब चरकसंहितेत मांडलेला आहे. चरकाने अश्वगंधेला बल्य आणि बृंहणीय, म्हणजे बळ देणाऱ्या आणि अंग भरणाऱ्या औषधांच्या गटांत घातलं. बुद्धीसाठी त्याने जी चार मेध्य रसायनं वेगळी सांगितली, ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांत अश्वगंधा नाही. आज 'मेंदूसाठी प्राचीन औषध' म्हणून तिची जाहिरात होते, तेव्हा हे लक्षात ठेवावं.

आणि 'रसायन' म्हणजे नुसती पुडी नव्हती. चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे. आधी शरीराची शुद्धी करायची, मग वय, पचनशक्ती आणि ऋतू बघून औषध ठरवायचं. कुटीप्रावेशिक पद्धतीत तर माणसाने वारा-ऊन टाळून खास बांधलेल्या कुटीत राहायचं. त्याच अध्यायाच्या शेवटी आचाररसायन येतं: खरं बोलावं, रागावर ताबा ठेवावा, मद्यापासून दूर राहावं, झोप आणि जाग यांचं माप राखावं, दूध-तूप नित्य घ्यावं. असा वागणारा माणूस औषधाविनाही रसायनाचं फळ मिळवतो, अशी चरकाची धारणा आहे. माझ्या मते आचाररसायन हा या साऱ्या कुळकथेचा गाभा आहे, आणि पुढच्या प्रत्येक नव्या नावाने तोच थोडा थोडा मागे टाकला.

नुसतं आयुष्य वाढवून भागत नाही, ही गोष्ट आमच्या गावाला नवी नसावी. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. योगबळाने चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव, आणि तो कोराच राहिला हे सांगणारी लहानगी मुक्ताई ही कथा आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. दीर्घायुष्याच्या हव्यासाला आमच्या मातीत इतकं जुनं उत्तर मिळालेलं आहे. त्याच मुक्ताईच्या नावावरून एदलाबादचं मुक्ताईनगर झालं.

आता तिसरं नाव. त्यासाठी आधी 'ताण' हा शब्द बघावा लागतो. आजी 'मला ताण आलाय' असं कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, "जिवाला घोर लागलाय." ताण असायचा दोराला, आणि बागेला. मोसंबी-लिंबाचा बागवाला बहार धरायचा असला की झाडाचं पाणी तोडतो. पानं मलूल होतात, थोडी गळतातही, मग खत-पाणी दिलं की झाड फुलांनी लगडतं. याला 'ताण देणं' म्हणतात. पण जमीन हलकी असली आणि ताण आठवडाभर लांबला, तर बहार राहतो बाजूला आणि फांद्या वाळतात. किती ताण सोसेल हे झाडागणिक, जमिनीगणिक वेगळं असतं.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने कॅनडात मॉन्ट्रियलला उंदरांवर जे पाहिलं ते याच जातीचं होतं. थंडी, जखम, विष, अतिश्रम, कारण कुठलंही असो, शरीराचा प्रतिसाद मात्र ठरावीक. 1936 मध्ये त्याने ते 'नेचर'मध्ये छापलं. आधी सावध होणं, मग तग धरणं, आणि शेवटी थकून कोसळणं. यातली मधली पायरी, तग धरण्याची, कशाने लांबवता येईल?

तो शोध सोव्हिएत रशियाने घेतला. युद्धात पोळलेल्या त्या देशाला खाणीत, जहाजावर, कडाक्याच्या थंडीत न थकणारी माणसं हवी होती. निकोलाय लाझारेव या औषधशास्त्रज्ञाने 1947 मध्ये 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द घडवला, आपण स्वतंत्र झालो त्याच वर्षी. गंमत अशी की त्याच्यापुढे तेव्हा वनस्पती नव्हती, डिबाझोल नावाचं प्रयोगशाळेत बनवलेलं औषध होतं. शब्द झाडापाल्याकडे वळवला तो त्याचा शिष्य इझराईल ब्रेखमन याने. तो व्लादिवोस्तोकला काम करायचा. जिनसेंग महाग आणि दुर्मीळ, म्हणून त्याने त्याच कुळातलं, पूर्वेकडच्या जंगलांत मुबलक मिळणारं एल्युथेरोकोकस निवडलं. ब्रेखमन आणि दार्दिमोव यांनी 1969 मध्ये कसोट्या पक्क्या केल्या. पदार्थ निरुपद्रवी असावा, एका रोगावर नव्हे तर नाना प्रकारच्या आघातांविरुद्ध शरीराची तग वाढवावी, आणि बिघाड वर गेलेला असो की खाली, त्याला मध्यावर आणावं.

ही तिसरी कसोटी सगळ्यांत अवघड. चढलेलं उतरवणारं औषध मिळतं, उतरलेलं चढवणारंही मिळतं. एकाच मुळीने दोन्ही करावं, हे ऐकायला चमत्कारासारखं वाटतं, म्हणून ते तपासायलाच हवं होतं.

आणि ते मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात तपासलं गेलं. डॉ. शरदिनी डहाणूकर यांना मराठी वाचक 'वृक्षगान' आणि 'फुलवा'मुळे ओळखतो. झाडांवर इतकं जिव्हाळ्याने लिहिणारी ही बाई औषधशास्त्राची प्राध्यापक होती, आणि झाडांवर प्रेम आहे म्हणून त्यांच्या औषधी गुणांना सूट देणारी नव्हती. डॉ. निर्मला रेगे, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि डहाणूकर यांचा सहा रसायनांवरचा लेख 1999 मध्ये 'फायटोथेरपी रिसर्च'मध्ये आला. ती सहा म्हणजे गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा. माझ्या वाचनात रसायन आणि अ‍ॅडॅप्टोजेन या दोन शब्दांची इतकी नेटकी सोयरीक दुसरीकडे कुठे जुळलेली नाही.

काम असं होतं. माणसाच्या मात्रेवरून हिशेब करून प्राण्यांना वनस्पतींचे प्रमाणित अर्क तोंडाने दिले, मग त्यांना जैविक, भौतिक आणि रासायनिक अशा वेगवेगळ्या आघातांना सामोरं केलं. सहाही वनस्पतींनी संरक्षण दिलं. मग खरी परीक्षा. सिसप्लॅटिन हे कर्करोगाचं औषध पोटाची चाल बिघडवतं. जठरातला बिघाड सहाही वनस्पतींनी सावरला, पण आतड्याची वाढलेली गती गुळवेल आणि शतावरी या दोघींनीच जागेवर आणली. गुळवेलीची आणखी एक चाचणी झाली: जंतू गिळणाऱ्या पेशींचं काम एका पदार्थाने मंदावतं, दुसऱ्याने भडकतं. गुळवेलीने दोन्ही वेळा ते मध्यावर आणलं. म्हणजे सहा जणी एका रांगेत बसल्या, तरी सगळ्यांना सारखे गुण मिळाले नाहीत. मला हा लेख आवडतो तो एवढ्यासाठीच. याच संस्थेत, डॉ. रवी बापटांच्या शस्त्रक्रिया विभागासोबत, अवरोधी काविळीच्या रुग्णांना गुळवेल देऊन बघण्यापर्यंत काम गेलं होतं.

पण प्राण्यांवरचा प्रयोग म्हणजे माणसाचा दाखला नव्हे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2008 मध्येच म्हटलं, की 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द अजून वैद्यकाच्या मान्य परिभाषेत बसत नाही. तोवर बाजाराने मात्र तो उचललाच होता.

माणसांवरचा बराच गाजलेला अभ्यास 2012 चा, हैदराबादचा. ताणाने गांजलेली 64 माणसं, 60 दिवस, मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. अश्वगंधा घेणाऱ्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सुमारे 28 टक्क्यांनी उतरलं आणि ताणाची गुणसंख्याही घसरली. आकडा आशा लावणारा आहे. पण 64 माणसं आणि दोन महिने, एवढंच त्याचं क्षेत्रफळ. पुढचे बहुतेक अभ्यासही दोन-तीन महिन्यांचेच. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याचं काय होतं, हे त्यांतून कळत नाही. पुतण्याला मी विचारलं, "किती दिवस घेतोस?" तो म्हणाला, "दीड वर्ष झालं असेल."

जी दुसरी बाजू समोर आली, तीही ठळक आहे. आइसलँड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये अश्वगंधा घेणाऱ्या पाच जणांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा जणांची तशीच नोंद केली. करोनाच्या त्या दिवसांत लोक काढे पाण्यासारखे पीत होते. 2021 मध्येच आयुष मंत्रालयाने उत्पादकांना बजावलं, की अश्वगंधेची पानं वापरू नयेत, मूळच वापरावं. पान स्वस्त, काढायला सोपं, म्हणून अर्कात मिसळलं जात होतं. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली.

बंदी हा मला योग्य मार्ग वाटत नाही. शेकडो वर्षांच्या वापराला एका फटक्यात विष ठरवणं चूक आहे, आणि त्याच वापराचा दाखला देऊन दीड वर्ष रोज दोन कॅप्सूल गिळणंही चूकच आहे. आजीचा उपाय महिना-दीड महिन्याचा होता, एका सुनेसाठी होता, आणि सोबत दूध, विश्रांती आणि समोर बसलेली आजी होती. बाटलीत फक्त मूळ आलं. रात्रपाळी तशीच राहिली, झोप तशीच राहिली.

पुढच्या महाशिवरात्रीला चांगदेवला याल तेव्हा बांधावर ढोरगुंज लाल झालेली दिसेल. मूळ असो की बाटली, घ्यायचीच असेल तर आधी वैद्याला किंवा डॉक्टरला विचारा. बाटलीवर 'मूळ' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती ठेवून द्या. थायरॉइडची, झोपेची, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. गरोदर बाईला ती देऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करा आणि रक्त तपासून घ्या.