यू ४७ चा आवाज

ध्वनिमुद्रणाचे शौकीन जमले की एक वाद हमखास रंगतो. यू ४७ मायक्रोफोनची जादू नेमकी कशात? बर्लिनच्या नॉयमन कंपनीने तो १९४९ मध्ये आणला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीटल्स त्याच्यासमोर गायले. त्याच्या पोटातला व्हीएफ १४ हा पोलादी व्हॉल्व्ह मुळात रेडिओ संचासाठीचा. टेलिफुंकनने १९५० च्या दशकाअखेर तो बनवणे थांबवले, तेव्हापासून त्याचे मोल चढतेच आहे.

शौकीन सारे श्रेय या व्हॉल्व्हला देतात. मला ते पटत नाही. आवाज आधी पडतो तो पडद्यावर. सुरुवातीच्या एम ७ कॅप्सूलचा पडदा पीव्हीसीचा, वर सोन्याचा मुलामा. पीव्हीसी वर्षांगणिक कडक होते, तडकते. मग एका घडणीचे दोन मायक्रोफोन म्हातारपणी वेगळे बोलू लागतात, माणसांसारखेच म्हणा! शिवाय तुलनेत दोघांची पातळी काटेकोर जुळवावी लागते. किंचित मोठा आवाज कानाला उगाच सरस वाटतो.

युद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा नॉयमनने कारखाना थुरिंजियातल्या गेफेल गावी हलवला. पुढे जर्मनीची फाळणी झाली. गेफेल पूर्वेकडे राहिले. पश्चिम बर्लिनमध्ये पडदा पॉलिएस्टरचा झाला, तेव्हाही गेफेलात एम ७ पीव्हीसीवरच बनत होती.