शितावरून भात, पण डाळीचे काय?

चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी घरातली बाई सगळे पातेले उपसून पाहत नाही. पळीवर चार शिते घेते, बोटाने चेपते, आणि पातेले उतरवते. निवडणुकीच्या वेळी ज्या मतचाचण्या होतात, त्यांचे सारे शास्त्र ह्याच रीतीवर उभे आहे. कोट्यवधी मतदारांपैकी हजार-दोन हजारांना विचारायचे आणि त्यावरून सर्वांचा अंदाज बांधायचा.

पण पातेल्यात भात नसून खिचडी असली तर? तांदळाची शिते चेपून तीतली मूठभर डाळ शिजली की नाही हे कसे कळावे? अल्पसंख्य मतदारांच्या बाबतीत मतचाचणीपुढे नेमका हाच पेच पडतो. अमेरिकेत ह्या पेचाचा इतिहास चांगला नोंदलेला आहे. तो आज आपण थोडक्यात पाहू.

१९३६ साली तेथील ‘लिटररी डायजेस्ट’ ह्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका घरोघरी धाडल्या. वीस लाखांहून अधिक लोकांनी त्या भरून परत केल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन निवडून येणार असे सांगितले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते घेतले होते ते बहुतेक टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून. तेव्हा गरिबाचे मत त्यात यावे कसे? त्याच वर्षी जॉर्ज गॅलप ह्यांनी फार थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला आणि त्यांचे नाव झाले. मात्र गॅलप ह्यांचा नमुना मतदान करणाऱ्यांचा होता. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना मतदानकर, साक्षरतेची परीक्षा अशा अडथळ्यांनी मतदानापासून दूर ठेवलेले होते. ज्याला मत देता येत नाही, त्याला मत विचारायचे कशाला, असा तो हिशेब. ते अडथळे मोडणारा मताधिकाराचा कायदा १९६५ साली झाला.

बरे, विचारले तरी माणूस मनातले सांगतो का? १९४२ साली, महायुद्ध चालू असताना, मेम्फिस शहरात एक पाहणी झाली. कृष्णवर्णीय नागरिकांना प्रश्न असा होता : आधी शत्रूला हरवणे महत्त्वाचे, की आपल्या घरी लोकशाही नीट चालवणे? विचारणारा गोरा असला तेव्हा शेकडा ६२ लोक म्हणाले, आधी शत्रूला हरवू. विचारणारा त्यांच्यातलाच असला तेव्हा तसे म्हणणारे शेकडा ३९ भरले. गाव तेच, प्रश्न तोच. फक्त दारात उभा राहिलेला माणूस बदलला. आपल्याकडेही तालुक्याचा साहेब दारी आला की ‘सगळे ठीक आहे साहेब’ असेच उत्तर मिळते, हे मी आपणांस सांगायला नको.

आता थोडे गणित. हजार माणसे नीट निवडून विचारले, तर अंदाज साधारणपणे शेकडा ३ इकडेतिकडे होतो. पण त्या हजारांत अल्पसंख्य शंभरच असतील, तर त्यांच्यापुरता तोच अंदाज शेकडा १० इकडेतिकडे जातो. म्हणजे ४० असे छापलेले असले तरी खरे ३० असेल किंवा ५० सुद्धा. शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावे. डब्यात शंभर चिंचोके घ्या, निम्म्यांना चुना लावा, आणि न पाहता मुलांकडून दहा-दहा काढवा. दर खेपेस पाचच पांढरे येतील असे नाही. कधी तीन येतील, कधी सात.

त्यातून अल्पसंख्य लोक बहुधा वस्ती करून राहतात. २००४ साली मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून असे सांगण्यात आले, की लॅटिन अमेरिकी वंशाच्या मतदारांपैकी शेकडा ४४ जणांनी बुश ह्यांना मत दिले. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा खरा आकडा ४०च्या आसपास असावा असे दिसले. ह्या समाजात मायामीचे क्यूबन वेगळे आणि टेक्सासचे मेक्सिकन वेगळे. कोणत्या वस्तीतले मतदानकेंद्र नमुन्यात आले, ह्यावर आकडा हलतो.

२०१६ साली तर नवलच घडले. लॉस अँजलिसच्या एका नामांकित चाचणीत कृष्णवर्णीय तरुण फार थोडे सापडले. ती उणीव भरून काढण्यासाठी, जे सापडले त्यांच्या उत्तराला अधिक वजन दिले गेले. त्यात इलिनॉय राज्यातला १९ वर्षांचा एक तरुण होता, आणि त्याचा कौल ट्रंप ह्यांना होता. त्याचे एक उत्तर सरासरी माणसाच्या ३० पट धरले जाई. एका पोराच्या होकाराने साऱ्या समाजाचा आकडा फिरे!

तुम्ही म्हणाल, निकाल लागला की चूक उघडी पडतेच. एकूण अंदाजाची पडते. पण मतदान गुप्त असते. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव असते, देणाऱ्याची जात, धर्म किंवा भाषा नसते. म्हणून कोणत्या समाजाने कोणाला किती मते दिली, हा आकडा मतमोजणीच्या दिवशीही पडताळता येत नाही. तो चुकला तरी चुकलेलाच चावडीवर फिरतो. ‘त्या वस्तीने आपला माणूस पाडला’ असे कोणीतरी बोलून जातो. आणि जे लोक संख्येने थोडे, त्यांना पुढची पाच वर्षे त्याचा जाब द्यावा लागतो.

म्हणून मतचाचण्या टाकाऊ ठरत नाहीत. आपल्याकडील काही अभ्यासक मतदानानंतर घरी जाऊन, मतदाराच्या हाती नमुन्याची मतपत्रिका देतात आणि ती बंद पेटीत टाकायला सांगतात. त्यामुळे भीड कमी होते. काळजीने काम करणारे आहेत. काळजीने ऐकणारेही हवेत. एखाद्या समाजाने अमुक केले असा आकडा कानी आला, की आधी विचारा : त्यांच्यातल्या किती जणांना विचारले, कोणत्या भाषेत विचारले, आणि विचारणारा कोण होता? उत्तर मिळाले नाही, तर त्या आकड्यावरून शेजाऱ्याविषयी मत बनवू नका.